एका शिफारसपत्राचे हेलपाटे

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरच्या मध्यावर, आमच्या भौतिकशास्त्र विभागाबाहेरच्या फलकावर एक छापील सूचना लागली. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन संस्था मिळून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना दरवर्षी जी उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती देतात, तिची ती सूचना होती. निवड झाली, तर उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली, त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळते आणि त्यासाठी पाठ्यवृत्तीही मिळते. यासाठी मुलाखत होत नाही. गुणपत्रके, आपल्याला कशावर काम करायचे आहे याविषयीचे एक छोटे टिपण आणि शिक्षकांचे शिफारसपत्र एवढ्यावरच सगळे ठरते. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातले आमचे महाविद्यालय. तिथून या पाठ्यवृत्तीवर कोणी गेल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. सूचना मी वहीत उतरवून घेतली, शेवटच्या तारखेखाली दोन रेघा मारल्या आणि पुढचे तीन आठवडे काहीही केले नाही.

त्या तीन आठवड्यांत दिवाळी होती, पाचव्या सत्राच्या परीक्षेची धास्ती होती आणि टिपण लिहिणे हेच सर्वांत अवघड काम आहे, अशी माझी समजूत होती. शिफारसपत्र म्हणजे बोनाफाइड दाखल्यासारखा एक कागद, तो कार्यालयात अर्ज दिला की मिळतो, असे मी धरून चालले होते. दिवाळीची सुटी संपवून महाविद्यालयात पोचले, तेव्हा शेवटच्या तारखेला सहा दिवस उरले होते.

पत्र कोणाचे घ्यायचे, यावर मी फारसा विचारही केला नाही. विभागप्रमुख सरांचेच घ्यायचे, कारण विभागात त्यांच्याएवढे मोठे कोणी नव्हते. सरांनी आम्हाला तिसऱ्या वर्षी पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स, शिकवायला नुकतीच सुरुवात केली होती. वर्गात आम्ही अठरा जण होतो आणि तरीही सर माझे नाव बरोबर घेतील याची मला खात्री नव्हती. हजेरीपटावर नाव होते, तासाला मी दुसऱ्या बाकावर बसत असे, शंका मात्र एकदाही विचारली नव्हती. दुसऱ्या वर्षाची सगळी प्रात्यक्षिके ज्यांनी घेतली आणि ज्यांना माझे अक्षर दुरूनही ओळखू येत असे, त्या मॅडम याच विभागात होत्या. पण त्या तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. दरवर्षी जूनमध्ये त्यांची नव्याने मुलाखत होई, त्यांना स्वतंत्र टेबल नव्हते, विभागाच्या पाटीवर त्यांचे नाव नव्हते. अकादमीसारख्या ठिकाणी अशा शिक्षिकेच्या सहीला काय वजन असणार, असा हिशेब मी मनातल्या मनात केला. आज तो लिहितानाही लाज वाटते. पण तेव्हा मला तो व्यवहारज्ञान वाटला होता.

सरांच्या खोलीत गेले, तेव्हा ते परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे वेळापत्रक लावत होते. मी सूचना दाखवली. त्यांनी ती वाचली, "छान आहे, जरूर भर," म्हणाले आणि पुढचे वाक्य त्यांनी वेळापत्रकावरून नजर न हलवता उच्चारले: "मसुदा करून आण, मी सही करतो." हे सांगण्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते आणि खरे म्हणजे मलाही वाटले नाही. आमच्याकडे जवळजवळ सगळीच पत्रे अशी होतात. सर वाईट नव्हते. आठवड्याचे तास, परीक्षा, मूल्यांकन समितीच्या फायली आणि त्यावर अशा चार विद्यार्थ्यांची चार पत्रे, यातून वाट काढायची त्यांची ती पद्धत होती. मला तर उलट हायसे वाटले, कारण आता पत्रात काय असेल ते माझ्याच हातात होते.

त्या रात्री मी स्वतःचे शिफारसपत्र लिहायला बसले. ज्यांनी हे कधी केले नसेल, त्यांना त्यातली गोची कळणार नाही. स्वतःची स्तुती स्वतः करायची, ती दुसऱ्याच्या तोंडी घालायची, तीही इंग्रजीत आणि तीस वर्षांचा अनुभव असलेल्या प्राध्यापकाच्या आवाजात. दोन तासांत माझ्याकडून तीन ओळी झाल्या. मग सगळेच करतात ते मी केले. इंटरनेटवरून एक नमुना उचलला. हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल, एक्सलंट कम्युनिकेशन स्किल्स. शेवटचा गुण माझ्यात मुळीच नव्हता, पण नमुन्यात होता म्हणून राहिला. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीलाही अर्ज करायचा होता; तिने माझ्याच फाइलमध्ये नाव बदलून तिचे पत्र केले. सरांनी दोन्हींवर एकापाठोपाठ एक सह्या केल्या. एकाच विभागातून, एकाच तारखेला, एकाच सहीची आणि एकाच मजकुराची दोन पत्रे एकाच कार्यालयात पोचणार होती, हे आमच्या दोघींच्याही लक्षात आले नाही.

सही झाली म्हणजे काम झाले असे नव्हते. पत्र महाविद्यालयाच्या लेटरहेडवर होते, म्हणून त्याला जावक क्रमांक हवा, असे कार्यालयात सांगण्यात आले. जावक नोंदवहीचे लिपिक त्या दिवशी रजेवर होते आणि गोल शिक्का त्यांच्या कपाटात होता. दुसऱ्या दिवशी गळिताच्या उसाच्या ट्रॉल्यांमुळे माझी एस.टी. पाऊण तास अडकली आणि मी पोचेपर्यंत कार्यालयाची जेवणाची सुटी झाली होती. शेवटच्या दिवशी संध्याकाळी बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत मी ते पत्र स्कॅन केले आणि अर्ज पाठवला. घरी येऊन पुन्हा एकदा फाइल उघडून वाचली, तेव्हा दिसले की पहिल्या परिच्छेदात मी मुलगी होते आणि दुसऱ्यात मुलगा. नमुन्यातला इंग्रजी 'he' तसाच राहून गेला होता. जावक क्रमांक आणि गोल शिक्क्यासह.

निवड झाली नाही. यादीत कारणे दिलेली नसतात, त्यामुळे ती पत्रामुळेच झाली नाही असे मी म्हणणार नाही. देशभरातून अर्ज येतात, माझे टिपणही कच्चे होते आणि चौथ्या सत्रातल्या गणिताच्या गुणांकडे कोणी पाहिले असेल, तर त्यांचेही काही चुकले नाही. पण मुलाखत नसलेल्या निवडीत माझ्याविषयी दुसऱ्या माणसाने बोलायची एकच जागा होती आणि ती मी कोणाच्या तरी उसन्या विशेषणांनी भरली होती, हे मात्र मला बोचत राहिले.

पुढच्या वर्षी मी एम.एस्सी.साठी विद्यापीठाच्या विभागात आले. इथे सगळेच वेगळे होते. उन्हाळी कार्यक्रम ही इथे नवलाई नव्हती. वरच्या वर्गातली मुले जेवणाच्या टेबलावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या व्हीएसआरपी या उन्हाळी कार्यक्रमाविषयी, बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राविषयी किंवा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राविषयी एस.टी.च्या वेळापत्रकासारखे बोलत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' नावाचा कार्यक्रम खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असतो, हे मला पदवी हातात पडल्यावर समजले. कोणत्या कार्यक्रमाची तारीख नोव्हेंबरअखेर, कोणाची जानेवारीत, हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणा करून ठेवणारी मुले मी इथे पहिल्यांदा पाहिली. या वेळी मीही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच हालचाल सुरू केली.

पण अडचण नेमकी तिथेच होती. विद्यापीठात येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. इथले प्राध्यापक नावाजलेले होते, त्यांचे शोधनिबंध होते, अकादमीच्या लोकांशी त्यांची ओळख असणार हे उघड होते. पण त्यांनी माझे काही पाहिले नव्हते. मागच्या वर्षाचा माझा हिशेब अजून पुरता बदलला नव्हता, म्हणून मी प्रकाशशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितले, कार्यक्रम कोणता, काय करायचे आहे, हे नीट विचारले आणि मग शांतपणे नकार दिला. "मी तुला दोन महिने ओळखतो. तू वेळेवर येतेस आणि पहिल्या चाचणीत तुला वीसपैकी चौदा गुण आहेत, एवढेच मला प्रामाणिकपणे लिहिता येईल. वाचणाऱ्याला कळेल की यांना हिच्याविषयी काहीच माहीत नाही. तुझ्या हाताने केलेले काम कोणी पाहिले आहे, त्यांच्याकडे जा."

त्या दिवशी मला वाईट वाटले. नंतर मात्र, मला मिळालेल्या सगळ्या मदतीत हा नकार फार वरच्या जागी आहे, असे वाटू लागले. होकार देऊन चार गोल वाक्ये लिहून देणे त्यांना सोपे होते. शिवाय नकार देताना त्यांनी एक गोष्ट दाखवली, जी मला ठाऊक नव्हती. एका संस्थेचा शिफारशीचा ऑनलाइन नमुना त्यांनी उघडला. त्यात पत्राआधी प्रश्न होते. या विद्यार्थ्याला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, तुम्ही शिकवलेल्या विद्यार्थ्यांत त्याचे स्थान कोणते, पहिल्या पाच टक्क्यांत, पहिल्या दहा टक्क्यांत की त्याखाली. मी मनात आमच्या पदवीच्या वर्गाचे गणित केले. अठरांचे पाच टक्के म्हणजे शून्य पूर्णांक नऊ. आमच्या वर्गात पहिल्या पाच टक्क्यांत बसायला एक अख्खा विद्यार्थीसुद्धा मावत नव्हता. प्राध्यापक हसले आणि म्हणाले, की म्हणूनच चौकटीवर कोणी फार विश्वास ठेवत नाही, खालचे पत्र वाचतात.

माझ्या हाताने केलेले काम पाहिले होते ते मॅडमनी. दुसऱ्या वर्षी न्यूटन रिंग्जचा प्रयोग होता. सपाट काचेवर बहिर्गोल भिंग ठेवायचे, वरून सोडियमचा पिवळा प्रकाश टाकायचा आणि दोहोंमधल्या हवेच्या पातळ थरामुळे दिसणाऱ्या काळ्या वलयांचे व्यास चल सूक्ष्मदर्शकाने मोजायचे. व्यासाचा वर्ग आणि वलयाचा क्रमांक यांचा आलेख काढला की सरळ रेषा येते आणि तिच्या चढावरून भिंगाची वक्रतात्रिज्या मिळते. आमच्या प्रयोगशाळेत हे उत्तर वर्षानुवर्षे शंभर सेंटीमीटरच्या आसपास 'येत' असे, कारण मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये ते तसे असे आणि त्याच्याही मागच्या वर्षीच्या जर्नलमध्येही. माझे उत्तर सत्त्याऐंशी आले. बाकीच्यांनी रीडिंग जुळवून घे म्हणून सांगितले. मला ते जमले नाही; त्यात तत्त्वनिष्ठेचा भाग थोडा आणि कंटाळ्याचा भाग जास्त होता, कारण जुळवायचे म्हणजे चाळीस रीडिंग उलटीकडून पुन्हा लिहायची. मी सत्त्याऐंशीच लिहिले आणि खाली पेन्सिलीने 'हे का?' असे लिहून ठेवले.

जर्नल तपासताना मॅडमनी त्या पेन्सिलीच्या दोन शब्दांभोवती लाल गोल केला आणि पुढच्या आठवड्यात मला पुन्हा प्रयोग लावायला सांगितले. शेजारी उभ्या राहून त्यांनी फक्त पाहिले. मी वलय चुकले की सूक्ष्मदर्शकाचा पेच मागे फिरवत होते, मग पुढे, मग पुन्हा मागे. पेचाच्या आट्यांमध्ये थोडा ढिलेपणा असतो. दिशा बदलली की पहिले काही भाग पेच फिरतो, पण सूक्ष्मदर्शक हलत नाही. डावीकडच्या विसाव्या वलयापासून उजवीकडच्या विसाव्यापर्यंत एकाच दिशेने जायचे, चुकले तर सगळे सोडून पुन्हा सुरुवातीपासून जायचे. त्या दिवशी मी तीनदा सुरुवातीपासून गेले. उत्तर त्र्याण्णव आले. मग मॅडमनी कपाटातून भिंगाची वक्रता थेट मोजणारी गोलमापी काढून दिली. तिच्यावरून चौऱ्याण्णव आले. म्हणजे शंभर हा आकडा कधीच बरोबर नव्हता. आम्ही दोघी त्या भिंगाकडे बघून हसलो होतो, हे मला चांगले आठवते.

मॅडमना फोन केला, तेव्हा समजले की त्या आता आमच्या महाविद्यालयात नव्हत्या. जूनमध्ये त्यांचे नूतनीकरण झाले नव्हते आणि चाळीस किलोमीटर अंतरावरच्या दुसऱ्या एका महाविद्यालयात त्या तासिका तत्त्वावरच शिकवत होत्या. पत्राचे बोलल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, माझ्या पत्राला काय किंमत? सरांचे घे." हेच वाक्य मी वर्षापूर्वी मनात म्हटले होते. ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला फोनवर काही बोलता येईना. शेवटी म्हणाले, "मॅडम, सत्त्याऐंशीचे त्र्याण्णव सरांना माहीत नाहीत." त्यावर त्या म्हणाल्या, "ये रविवारी."

रविवारी मी त्यांच्या घरी गेले, ती एक पानाचा कागद घेऊन. मसुदा न्यायचा नाही, हे मी ठरवले होते. त्यांनी मागितला असता, तर काय केले असते, हे सांगता येत नाही. पण त्यांनी मागितला नाही. कागदावर मी कार्यक्रमांची नावे, प्रत्येकाची शेवटची तारीख, पत्र कोणत्या मार्गाने पाठवायचे आणि ते कोण वाचते, एवढे लिहिले होते. त्याखाली त्यांच्या हाताखाली मी केलेल्या प्रयोगांपैकी तीन, जर्नलच्या त्या पानांच्या झेरॉक्स जोडून. माझे टिपण आणि गुणपत्रके सोबत होती. आणि सर्वांत खाली, चौथ्या सत्रात गणितात मला अठ्ठेचाळीस गुण पडले, हेही मी लिहिले होते. मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवले. "हे कशाला?" गुणपत्रकात ते दिसणारच आहे, तुम्हाला आधी माहीत असावे, असे मी म्हटले. त्या वर्षी वडिलांचे ऑपरेशन झाले होते आणि मी सहा आठवडे महाविद्यालयात नव्हते, हे त्यांना आठवत होते. माझ्या कागदावर ते नव्हते. त्यांनी ते समासात लिहून घेतले. पत्रात ते गेले की नाही, मला कधीच कळले नाही.

मग त्यांनी मला जवळजवळ तासभर प्रश्न विचारले. प्रकाशशास्त्रच का? दोन महिन्यांत काय होऊ शकते, असे वाटते? टिपणात मी लेसरविषयी एक मोठे वाक्य घातले होते, त्याचा अर्थ काय? अर्थ मला सांगता आला नाही. "मग काढ ते," त्या म्हणाल्या. मी पत्र मागायला गेले होते आणि परत येताना टिपण निम्मे झाले होते. त्यांनी शेवटी एकच अट घातली: पत्र मी वाचायचे नाही. सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, पीएच.डी.चे काम सुट्यांमध्ये रेटणाऱ्या या शिक्षिकेने आजवर कोणासाठीही असे पत्र लिहिले नव्हते, कारण कोणी मागितलेच नव्हते.

त्यानंतरचा महिना कागदोपत्री अडचणींचा. मी तीन ठिकाणी अर्ज केले होते. एका ठिकाणी पत्र अर्जासोबत जायचे होते आणि दोन ठिकाणी शिक्षकांच्या ई-मेलवर थेट दुवा जाणार होता. मॅडमचा संस्थेचा असा ई-मेल नव्हता. तिथे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना तो दिला जात नसे. त्यांचा खासगी पत्ता दिला, तर त्यातला एक दुवा नको असलेल्या मेलच्या कप्प्यात जाऊन पडला. लेटरहेडचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. नव्या महाविद्यालयातल्या मुख्य लिपिकांचे म्हणणे असे, की मुलगी आमची विद्यार्थिनी नाही, तर आमच्या लेटरहेडवर पत्र कसे? जुन्या महाविद्यालयाचे म्हणणे असे, की मॅडम आता आमच्या कर्मचारी नाहीत, तर त्यांना आमचे लेटरहेड कसे? दोघांचेही नियमाला धरूनच होते. मॅडमनी शेवटी साध्या कागदावर पत्र लिहिले, सुरुवातीलाच आपण या विद्यार्थिनीला कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या काळात आणि कोणता विषय शिकवला ते स्पष्ट नोंदवले, सध्या कुठे शिकवतो ते खाली लिहिले आणि सही केली. जावक क्रमांक नाही, गोल शिक्का नाही. सोबत त्याच मजकुराला दुजोरा देणारी दोन ओळींची चिठ्ठी जुन्या विभागप्रमुख सरांनी दिली. मी भीत भीत गेले होते. त्यांनी या वेळी मसुदा मागितला नाही, "बाईंनी लिहिलेय ना, मग झाले," म्हणाले आणि स्वतःच्या अक्षरात लिहून दिले.

आठवण करून देणे हा या साऱ्यातला मला सर्वांत जड गेलेला भाग. आपले काम असते, त्यांची सवड असते आणि मध्ये तारीख असते. पहिला निरोप मी पंधरा दिवस आधी पाठवला, दुसरा आठवडा राहिला असताना. तिसऱ्या वेळी, दोन दिवस उरले तेव्हा, निरोप टाइप करून मी चार वेळा खोडला. पुन्हा विचारले तर मॅडमना राग येईल, असे वाटत होते. खोलीतल्या मैत्रिणीने हातातून फोन घेतला आणि सरळ नंबर लावून दिला. "बरे झाले फोन केलास," मॅडम म्हणाल्या, "मी तर पाठवून मोकळी झाले समजत होते." एका ठिकाणी पत्र चढवल्यानंतर आणखी एकदा खात्रीचे बटण दाबायचे होते, ते राहिले होते. फोन चालू असतानाच त्यांनी ते दाबले.

निकाल वेगवेगळ्या दिवशी लागले. एका ठिकाणाहून नकार आला, दुसऱ्या ठिकाणाहून काहीच आले नाही आणि मार्चमध्ये अकादम्यांच्या यादीत माझे नाव निघाले. मी तिन्ही निकाल मॅडमना कळवले, नकाराचाही. मैत्रिणी म्हणाल्या, की नकार कशाला कळवतेस. पण त्यांनी तिथेही माझ्यासाठी वेळ घातला होता.

मे महिन्यात मी बेंगळुरूला रामन संशोधन संस्थेत पोचले. भारतीय विज्ञान अकादमी 1934 साली आणि ही संस्था 1948 साली ज्यांनी उभी केली, त्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव मी परीक्षेत दोन गुणांसाठी लिहीत आले होते. आता ते रोज सकाळी फाटकावर दिसत होते. पहिल्या दिवशी मार्गदर्शकांनी मला प्रयोगशाळा दाखवली, सुरक्षेचे नियम सांगितले आणि एका टेबलापाशी थांबून, जणू हवापाण्याविषयी विचारावे तसे विचारले, "ते सत्त्याऐंशीचे त्र्याण्णव नेमके कशामुळे झाले?" मी दचकले. मग पेच, आट्या, एकाच दिशेने जाणे, सगळे अडखळत सांगितले. ऐकून झाल्यावर त्यांनी समोरच्या सूक्ष्ममापी बैठकीकडे बोट केले. "यातही तेच आहे. उद्यापासून याच्यावर काम कर." मॅडमच्या पत्रातले मला माहीत असलेले तेवढेच. उरलेले मी आजही वाचलेले नाही.

जुलैमध्ये परत आल्यावर अहवालाची एक प्रत घेऊन मी मॅडमकडे गेले. त्यांनी आलेख आधी पाहिले, मजकूर नंतर. एका आलेखावर त्रुटीच्या उभ्या रेघा काढायच्या राहिल्या होत्या, ते त्यांच्या लगेच लक्षात आले. त्या वर्षी त्यांचे नूतनीकरण झाले होते, टेबल मात्र अजून नव्हते. प्रयोगशाळेतल्या ओट्यावरच आम्ही बसलो होतो. निघताना त्यांनी कार्यक्रमाची सूचना पुन्हा एकदा दाखवायला सांगितली. मी फोनवर उघडून दिली. त्यांनी ती खालपर्यंत वाचली, चष्मा वर सरकवला आणि विचारले, "यात विद्यार्थी आणि शिक्षक असे दोन्ही लिहिले आहे. शिक्षकांचे टिपणही एवढेच लांब असते का गं?"

मी पिशवीतून कोरा कागद काढला.